भ्रष्टाचाराचे खटले आणि विशेष न्यायालये : अंतुले प्रकरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराची चर्चा सुरू झाली की ‘खटले जलदगतीने चालवा, त्यासाठी विशेष न्यायालये नेमा’ ही मागणी हमखास पुढे येते. ही मागणी रास्त असली तरी नवी नाही. लाचलुचपतीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायाधीश नेमण्याची तरतूद भारतात १९५२ पासून आहे. असे असूनही हे खटले वर्षानुवर्षे का रेंगाळतात, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्यावरील खटल्याच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. अंतुले दोषी होते की निर्दोष, याचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. खटल्याचा वेळ कोठे खर्च झाला, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी खरेदी प्रचंड वाढली आणि तिच्याबरोबर लाचखोरीही वाढली. तिच्या तपासासाठी १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना निर्माण करण्यात आली. पुढे १९४७ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा संमत झाला. बक्षी टेकचंद समितीने या व्यवस्थेचा आढावा घेतल्यानंतर १९५२ चा फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम आला. या अधिनियमाने राज्य सरकारांना विशेष न्यायाधीश नेमण्याचा अधिकार दिला. हे न्यायाधीश सत्र न्यायाधीशांच्या श्रेणीतील असावेत, असे बंधन घालण्यात आले. दंडाधिकाऱ्याने आधी प्रकरण तपासून ते सत्र न्यायालयाकडे सोपवावयाचे, हा वेळखाऊ टप्पा वगळून विशेष न्यायाधीशांना गुन्ह्याची थेट दखल घेता येऊ लागली. याच अधिनियमाच्या कलम ७ नुसार हे गुन्हे ‘केवळ’ विशेष न्यायाधीशांनीच चालवावयाचे होते. हा एक शब्द पुढे किती महत्त्वाचा ठरला, हे आपण पाहणारच आहोत.

विशेष न्यायालयांच्या कल्पनेला आरंभापासूनच समतेच्या तत्त्वाशी जुळवून घ्यावे लागले. पश्चिम बंगालच्या १९५० च्या विशेष न्यायालय कायद्याने कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवावयाचे, हे सरकारच्या मर्जीवर सोडले होते. १९५२ मध्ये अन्वर अली सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनेच्या अनुच्छेद १४ शी विसंगत ठरविली. भ्रष्टाचाराच्या खटल्यांबाबतचा १९५२ चा अधिनियम मात्र विशिष्ट व्यक्तींना नव्हे, तर गुन्ह्यांच्या एका वर्गाला सरसकट लागू होता, आणि म्हणूनच त्याचे स्थान भक्कम राहिले.

खटल्याचा प्रवास

जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते आणि टंचाईमुळे परवान्याला मोठे मोल आले होते. मुख्यमंत्र्यांशी निगडित विश्वस्त निधींना देणग्या देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांना सिमेंट मिळते, असा आरोप १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी रिट याचिकेवर दिलेल्या निकालात देणग्या व सिमेंटवाटप यांचा संबंध मान्य केला आणि अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. विशेष म्हणजे हा निकाल वृत्तपत्रीय आरोपांनंतर अवघ्या काही महिन्यांत लागला. फौजदारी खटल्याचा मार्ग मात्र वेगळा होता.

भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच फिर्याद दाखल केली होती. परंतु मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी नसल्याने भ्रष्टाचाराच्या आरोपांची दखल घेण्यात आली नाही. जुलै १९८२ मध्ये राज्यपालांनी काही आरोपांपुरती मंजुरी दिली आणि ९ ऑगस्ट १९८२ रोजी विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद दाखल झाली.

यानंतर एकामागून एक प्राथमिक हरकती उपस्थित झाल्या. खासगी नागरिकाच्या फिर्यादीवरून विशेष न्यायाधीशांना दखल घेता येते काय, हा पहिला प्रश्न. विशेष न्यायाधीशांनी ऑक्टोबर १९८२ मध्ये आणि उच्च न्यायालयाने मार्च १९८३ मध्ये ही हरकत फेटाळली. मुख्यमंत्रिपद सोडले तरी आरोपी विधानसभेचे सदस्य आहेत. मग आमदार हा ‘लोकसेवक’ ठरतो काय आणि त्यासाठी वेगळी मंजुरी लागते काय, हा दुसरा प्रश्न. २५ जुलै १९८३ रोजी दुसऱ्या विशेष न्यायाधीशांनी तशी मंजुरी आवश्यक असल्याचे ठरवून आरोपीस मुक्त केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन्ही प्रश्नांचा निकाल लावला. कोणताही नागरिक अशी फिर्याद करू शकतो. तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या व्याख्येप्रमाणे आमदार लोकसेवक नाही. आणि ज्या पदाचा दुरुपयोग झाल्याचा आरोप आहे, ते पद सोडल्यानंतर मंजुरीची गरज उरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. खटला अडीच वर्षे जागचा हललेला नाही, याची खंत व्यक्त करून न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला आणि विद्यमान न्यायमूर्तींपुढे शक्यतो दररोज सुनावणी व्हावी, असे निर्देश दिले. या निर्देशामागील हेतू केवळ गती देण्याचा होता, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

गतीचा उपाय आणि त्याचा परिणाम

उच्च न्यायालयात काम खरोखरच पुढे सरकले. फिर्यादीपक्षाचे ५७ साक्षीदार तपासले गेले व २१ आरोप निश्चित झाले. उर्वरित आरोपांबाबत १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यानंतर दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे ७९ आरोप निश्चित करण्यात आले. याच टप्प्यावर आरोपीने मूलभूत हरकत घेतली : जो खटला कायद्याने ‘केवळ’ विशेष न्यायाधीशांनी चालवावयाचा, तो उच्च न्यायालयापुढे कसा चालू शकतो?

२९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ही हरकत मान्य केली. १९८४ चे निर्देश १९५२ च्या अधिनियमातील कलम ७ शी विसंगत आहेत. अशाच गुन्ह्याच्या इतर आरोपींना उच्च न्यायालयात दाद मागण्याची जी संधी असते, ती या आरोपीस नाकारली गेली. आणि न्यायालयाच्या स्वतःच्या चुकीमुळे कोणाचेही नुकसान होता कामा नये, अशी भूमिका न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी बहुमताच्या निकालात मांडली. चार वर्षांहून अधिक काळ चाललेल्या कार्यवाहीचा पायाच निखळला. जो उपाय विलंब टाळण्यासाठी योजला होता, तोच सर्वांत मोठ्या विलंबाचे कारण ठरला.

या घटनाक्रमाचे विश्लेषण केल्यास एक बाब ठळकपणे जाणवते. फिर्यादीपासून १९८८ पर्यंतच्या पावणेसहा वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे तीन कळीचे वाद गेले – फिर्याद कोणी करावी, मंजुरी कोणाची लागते, खटला कोठे चालावा – त्यांपैकी एकही ‘पैसे घेतले की नाही’ या प्रश्नाशी संबंधित नव्हता. विशेष न्यायालय उपलब्ध होते. परंतु त्याच्या उंबरठ्यावरील नियम अनिश्चित होते. याचे मोल दोन्ही पक्षांनी मोजले. फिर्यादी नागरिकास निर्णय मिळाला नाही आणि आरोपीच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली. जलद सुनावणी हा अनुच्छेद २१ मधील हक्क असल्याचे सांगून त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे घालून देणारा डिसेंबर १९९१ चा घटनापीठाचा निकाल याच अंतुले यांच्या नावाने ओळखला जातो, हे लक्षणीय आहे. त्या निकालानेही खटल्यासाठी ठरावीक कालमर्यादा घालण्याचे टाळले. अंतुले पुढे २००६ मध्ये केंद्रीय मंत्रीही झाले.

नंतरच्या कायद्यांचा धडा

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात या अनुभवाशी जुळणाऱ्या तरतुदी दिसतात. लोकसेवकाची व्याख्या विस्तारण्यात आली, शक्यतो दररोज सुनावणी घेण्याचे बंधन आले आणि मंजुरीतील दोषाच्या सबबीवर खटल्यास स्थगिती देण्यावर मर्यादा घालण्यात आली. २०१८ च्या दुरुस्तीने दोन वर्षांत खटला संपविण्याचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढ धरूनही तो सामान्यतः चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे म्हटले. परंतु त्याच दुरुस्तीने निर्णय वा शिफारशींशी संबंधित आरोपांच्या चौकशीपूर्वीच परवानगीची अट घातली आणि निवृत्त लोकसेवकांनाही मंजुरीचे संरक्षण दिले. म्हणजे न्यायालयाच्या आतील वेळ कमी करताना दाराबाहेरील वेळ वाढण्याची शक्यता निर्माण झाली. १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या बिहारमधील चारा घोटाळ्यात लालूप्रसाद यादव यांना रांची येथील विशेष न्यायालयाने पहिल्यांदा दोषी ठरविले ते २०१३ मध्ये, हेही येथे स्मरणात ठेवावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, विशेष न्यायालयाची गती त्याच्या नावात नसून त्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत असते. मंजुरीचा निर्णय निश्चित मुदतीत होणे, अधिकारक्षेत्राच्या हरकती आरंभीच व एकदाच निकाली निघणे आणि पुरेसे न्यायाधीश व सरकारी वकील उपलब्ध असणे, या गोष्टी नव्या न्यायालयाच्या घोषणेइतक्या आकर्षक नाहीत. परंतु इतिहास त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. लोकक्षोभाच्या दडपणाखाली प्रक्रियेला बगल दिली, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी वाचविलेला वेळ पुढे व्याजासह फेडावा लागतो. भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढ्यात घाई आणि गती यांतील हा भेद ओळखणे, हाच अंतुले प्रकरणाचा आजच्या काळासाठी खरा बोध होय.