वस्तीने नापास केलेले सिनेमे : व्हिडिओ, सीडी आणि आपल्या माणसांची मतं



भारतीय सिनेमाचा इतिहास सांगणारी पुस्तकं उघडा. दिग्दर्शक कोण, नट कोण, पुरस्कार किती, समीक्षकांनी काय लिहिलं, हे सगळं तिथे सापडतं. पण ज्यांच्या नावाने हे सिनेमे काढले गेले, ज्या 'अस्पृश्य' माणसाच्या दुःखावर दिग्दर्शकांनी मानसन्मान मिळवले, त्या माणसाने तो सिनेमा पाहून काय म्हटलं? या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही. जणू आपण पडद्यावर दाखवण्यापुरतेच होतो, पडद्यासमोर कधी बसलोच नव्हतो.

आपण बसलो होतो. आणि आपलं मतही होतं. ते मत बहुतेक वेळा थिएटरात तयार झालं नाही. भाड्याने आणलेल्या व्हिडिओसमोर आणि नंतर सीडीसमोर, वस्तीतल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत ते तयार झालं. या लेखात आम्ही त्या मतांचा इतिहास मांडणार आहोत. वस्त्यांमध्ये काम करताना ज्येष्ठांशी होणाऱ्या गप्पा आणि आमच्या पिढीने लहानपणी स्वतः पाहिलेलं, एवढाच याचा आधार आहे. ही पाहणी नव्हे, आकडेवारी तर नव्हेच. पण जे कुणीच नोंदवलं नाही, ते कुठून तरी नोंदवायला सुरुवात करावी लागते.

व्हिडिओ वस्तीत कसा आला?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आलं आणि त्याच काळात व्हीसीआरही पसरला. सुरुवातीला ती श्रीमंतांची वस्तू होती. पण भाड्याने देणारे व्हिडिओवाले गल्लोगल्ली उभे राहिले आणि चित्र बदललं. वस्तीत दहा-वीस घरांनी वर्गणी काढायची, एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायच्या आणि पहाटेपर्यंत पाहायच्या. कुणाकडे लग्न असलं, जयंतीची मिरवणूक संपली, की 'आज व्हिडिओ आहे' ही बातमी पोरं पसरवायची. कॅसेट बहुधा चोरीची नक्कल असायची. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ कॅसेटवर हक्कदाराचं नाव आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक झालं, पण वस्तीत येणाऱ्या कॅसेटला त्याचा पत्ता नसायचा.

नव्वदचं दशक संपता संपता व्हीसीडी आली. आपण तिला सरळ 'सीडी' म्हणायचो. एका चित्रपटाच्या दोन किंवा तीन चकत्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा अधिकृत चकतीही मजुराच्या खिशाला परवडू लागली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकं, कॅलेंडर आणि भीमगीतांच्या कॅसेटच्या शेजारी सीडी मांडल्या जाऊ लागल्या. चैत्यभूमीहून घरी परतताना पिशवीत पुस्तकाबरोबर सीडीही येऊ लागली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. थिएटरात तिकीट काढलेला माणूस अंधारात गप्प बसतो. फार तर शिट्टी मारतो, नाही तर उठून जातो. व्हिडिओसमोर बसलेली वस्ती गप्प बसत नव्हती. चित्र थांबवता येत होतं, मागे नेता येत होतं. 'थांब, ते परत लाव,' असं एखादी आजी म्हणू शकत होती. सिनेमा पाहणं आणि त्यावर वाद घालणं एकाच खोलीत, एकाच वेळी चालत होतं. आणि ज्या सिनेमांबद्दल 'हा आपल्यावरचा पिच्चर आहे, बघा' असं कौतुकाने सांगितलं गेलेलं असायचं, त्यांनीच सगळ्यात जास्त निराश केलं. त्यातल्या काहींचा हिशोब मांडू.

'अछूत कन्या' : मरायचं कुणी?

१९३६ चा हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. देविका राणी आणि अशोक कुमार. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांचं प्रेम. शेवटी मुलगी रेल्वेखाली जीव गमावते. सिनेमाच्या पुस्तकांत हा 'धाडसी' चित्रपट आहे. वस्तीचं मत एका वाक्याचं होतं : 'मरते ती आपलीच पोरगी.' याच १९३६ साली बाबासाहेबांचं 'जातिसंस्थेचं उच्चाटन' हे न झालेलं भाषण पुस्तकरूपाने आलं आणि मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराची दिशा ठरली. माणसं उठून उभी राहत होती त्या वर्षी पडद्यावरची मुलगी मेली. हे अंतर ज्याच्या लक्षात आलं, तो या सिनेमाला धाडसी म्हणणार नाही.

'सुजाता' : रक्त जुळलं नसतं तर?

बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ चा. हा सिनेमा मराठी घरांत फार लाडका, त्याचं कारणही आहे. नूतन, सुलोचनाबाई, ललिता पवार, शशिकला, चौघीही मराठी. अनाथ अस्पृश्य मुलगी उच्चजातीय इंजिनिअरच्या घरात वाढते. घरातली बाई तिची ओळख 'मुलीसारखी आहे' अशी करून देते, 'मुलगी आहे' असं म्हणत नाही. शेवटी ती बाई जिन्यावरून पडते, रक्ताची गरज लागते, कुणाचंच जुळत नाही आणि सुजाताचं जुळतं. मग तिला लेक म्हणून स्वीकारलं जातं.

या चित्रपटावर रडलेल्या बायका आम्हाला भेटल्या आहेत. आम्ही रडण्याची टिंगल करत नाही. पण त्याच बायकांनी दोन प्रश्न विचारले होते आणि ते आम्ही विसरलेलो नाही. पहिला प्रश्न : 'हिला शाळेत का नाही घातलं?' सख्खी मुलगी रमा कॉलेजात जाते, बॅडमिंटन खेळते. सुजाता घर सांभाळते. लेकीसारखी म्हणवणाऱ्या घराने तिला शिक्षण दिलं नाही, हे धुणीभांडी करून मुलींना शिकवणाऱ्या आईच्या लगेच लक्षात आलं. दुसरा प्रश्न : 'रक्त जुळलं नसतं तर?'

हा दुसरा प्रश्न म्हणजे सबंध सिनेमाची परीक्षा आहे. माणूस म्हणून स्वीकार होण्यासाठी आधी रक्त द्यावं लागणार असेल, तर तो हक्क नव्हे, तो मोबदला झाला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'सशर्त समावेशन' हा शब्द शिकलो. वस्तीतल्या बाईला तो शब्द माहीत नव्हता, पण शब्दामागची गोष्ट तिने आमच्या आधी ओळखली होती.

आणखी एक गोष्ट पाहा. या सिनेमात टागोरांच्या 'चांडालिका'चा प्रयोग दाखवला आहे. म्हणजे बुद्धाचा शिष्य आनंद येतो, चांडाल कन्येच्या हातचं पाणी येतं. गांधीजींचे विचारही येतात. पण तीनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसं त्याच बुद्धाकडे चालत गेली होती, ती मात्र कुठेच येत नाहीत. बुद्ध चालतो, बुद्धाकडे गेलेली आपली माणसं चालत नाहीत. सुजाताला वाट दाखवायला घरातली बाई, प्रियकर आणि गांधीजी आहेत. तिचे स्वतःचे लोक कुठेच नाहीत.

'लगान' : कचऱ्याचा चेंडू

आता आमच्या पिढीचा सिनेमा. २००१ चा 'लगान' आम्ही तीन चकत्यांवर पाहिला. पावणेचार तासांच्या त्या खेळाला सगळी गल्ली जमायची. शेवटच्या चेंडूला आम्हीही उड्या मारल्या, ते नाकारत नाही. पण दुसऱ्यांदा पाहताना कुणीतरी विचारलंच, 'याचं नाव कचरा का?'

मग प्रश्नांची रांगच लागली. कचऱ्याचा हात अधू आहे, म्हणून चेंडू आपोआप वळतो. म्हणजे त्याचं कौशल्य कमावलेलं नाही, ते त्याच्या व्यंगातून आलेलं आहे. त्याला संघात घ्यायला गाव विरोध करतं, तेव्हा भाषण भुवन करतो. ज्याच्याबद्दल भाषण चाललंय, तो बाजूला उभा. कचरा हॅटट्रिक घेतो खरा, पण शेवटच्या षटकात तो फलंदाजीला असताना नो-बॉल पडतो, स्ट्राइक भुवनकडे जाते आणि विजयी षटकार भुवनच मारतो.

'अहो, ती कल्पित गोष्ट आहे' असं उत्तर मिळतं. ठीक आहे. पण खरी गोष्ट काय होती? 'लगान'ची कथा १८९३ सालातली. त्याच दशकात पुण्यात चर्मकार समाजातला एक तरुण गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करत होता आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास डावखुरी फिरकी टाकत होता. त्याचं नाव पालवणकर बाळू. पुढे हिंदू संघाला त्याच्या गोलंदाजीशिवाय जिंकता येईना, म्हणून त्याला घेतलं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा त्याला वेगळा, मातीच्या भांड्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला. हे सगळं मेहनतीने आणि भांडून मिळवलेलं होतं. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तोही इतिहासच आहे आणि तो लपवायचं कारण नाही. मुद्दा एवढाच की हाडामांसाचा, मत असलेला, चुकूही शकणारा असा खरा माणूस इतिहासात होता. पडद्यावर मात्र आला तो मुका, अधू आणि 'कचरा' नावाचा.

आणि बाबासाहेबांचा सिनेमा?

इथली निराशा वेगळी होती. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सरकारी पैशातून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत बनला. १९९८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला इंग्रजीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, मामुट्टींना अभिनयाचा आणि नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पण ज्यांच्यासाठी तो बनवायचा, त्यांच्यापर्यंत तो पोहोचवण्याची घाई कुणालाच नव्हती. तमिळ आवृत्ती थिएटरात यायला २०१० उजाडलं आणि त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात जावं लागलं. आपल्यापैकी बहुतेकांनी तो जयंतीला, विहारात, हिंदी सीडीवर पाहिला. चकती अडकली की पोरं ती सदऱ्याला पुसून पुन्हा लावायची. सिनेमा संपल्यावर लोक हात जोडून उठायचे. पण बायकांची तक्रार असायचीच : 'रमाईला अजून दाखवायला हवं होतं.' सिनेमा आवडला तरी कमतरता सांगायची, ही समीक्षाच आहे.

थोडं स्वतःकडेही पाहू

दोन आक्षेप नेहमी येतात. एक, 'त्या काळात एवढं दाखवलं हेच खूप.' आमचं उत्तर असं की काळाचा निकष लावायचाच तर पूर्ण लावा. त्याच काळात माणसं चवदार तळ्यावर गेली होती, काळाराम मंदिरासमोर उभी राहिली होती, धम्मदीक्षा घेत होती. सिनेमा काळाच्या पुढे नव्हता, आपल्या माणसांच्या मागे होता. दुसरा आक्षेप, 'तुम्हाला काहीच आवडत नाही.' तसं असतं तर 'फँड्री' आणि 'सैराट' आपण डोक्यावर घेतले नसते.

पण आपलीही झाडाझडती घेऊ. व्हिडिओसमोर पुढे पुरुष बसायचे, रिमोट त्यांच्याच हातात असायचा. बायका चहा ठेवायला उठायच्या, त्यांची मतं भिंतीपलीकडून यायची. बाईला मारहाण करणारे नायक आपण टाळ्या वाजवून पाहिले आणि तिथे कुणी चित्र थांबवलं नाही. निळा झेंडा दिसला की सुमार सिनेमालाही आपण सूट दिली. जातीच्या प्रश्नावर जागी असणारी नजर बाईच्या प्रश्नावर झोपली, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

आता करायचं काय?

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, कारण आपलं म्हणणं दुसऱ्याच्या पत्रात छापून येणार नव्हतं. सिनेमाबाबत आपण अजून तिथेच आहोत. व्हीसीआर भंगारात गेले, कॅसेटला बुरशी लागली, चकत्यांवरचा थर निघतोय. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी 'रक्त जुळलं नसतं तर?' असं विचारलं, त्या आज्या एकेक करून जात आहेत. कॅसेट पुन्हा मिळेल, सिनेमा मोबाइलवरही मिळेल. त्या रात्री त्या खोलीत जे बोललं गेलं, ते मिळणार नाही.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या ज्येष्ठांना, आधी बायकांना, विचारा : कोणता सिनेमा पाहून तुम्ही निराश झालात? कुठे पाहिला, कुणाबरोबर? कोणत्या जागी 'थांब' म्हणालात? त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आपले शब्द घुसवू नका. त्यात 'शोले' आवडला म्हणून सांगणारे भेटतील, त्यांचंही लिहा. आपल्याला निकाल लावायचा नाही, नोंद ठेवायची आहे. पन्नास वस्त्यांतून अशा पन्नास वह्या जमल्या, तर सिनेमाच्या इतिहासात प्रथमच प्रेक्षक म्हणून आपलं नाव लागेल.

जय भीम. नमो बुद्धाय.