नोंदवही फेकून दिली तेव्हा

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये कर्नलची आवृत्ती शोधून बघा. तो आकडा लिनक्सचा आहे. याच कर्नलवर असंख्य सर्व्हर आणि राउटर चालतात. त्याच्या इतिहासातला माझा लाडका प्रसंग 2012 सालचा. वर्षानुवर्षं चाललेली एक गोष्ट तेव्हा मुळासकट उपटली गेली.

राउटरचं काम ऐकायला सोपं: पॅकेटवरचा पत्ता वाचायचा आणि वाट ठरवायची. पण तक्त्यात सुटे पत्ते नसतात, पत्त्यांचे गट असतात. एकच पत्ता अनेक गटांत बसतो, आणि त्यातला सर्वांत नेमका गट निवडावा लागतो. 2012 च्या सुमारास संपूर्ण इंटरनेटच्या तक्त्यात असे 4 लाखांच्या आसपास गट होते. आणि हाताशी वेळ किती? 10 गिगाबिटच्या जोडणीवर लहानात लहान पॅकेटं सलग आली, तर प्रत्येकाला जेमतेम 67 नॅनोसेकंद.

म्हणून जुन्या लिनक्सनं सोसायटीच्या वॉचमनसारखी नोंदवही ठेवली होती, रूट कॅशे. कोणाकडून कोणाकडे, या जोडीचं उत्तर एकदा शोधलं की टिपून ठेवायचं. पुढच्या वेळी तक्ता उघडायलाच नको. माणसं ओळखीची असतील तोवर झकास.

पण पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. दर पॅकेटला नवा खोटा पत्ता टाकला, की दर पॅकेटला नवी नोंद. वही फुगते आणि प्रोसेसर जुन्या नोंदी खोडण्यातच दमतो. 2003 मध्ये याहून वाईट उघड झालं. नोंद वहीच्या कोणत्या कप्प्यात जाणार हे बाहेरच्याला आधीच काढता येत होतं. सगळी खोटी पॅकेटं एकाच कप्प्यात कोंबली की पुरे. कप्प्यांचं गणित यादृच्छिक करून ते भोक बुजवलं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं.

इलाज स्वीडनमधून आला. स्टेफान निल्सन आणि गुन्नार कार्लसन यांनी 1999 मध्ये पत्ते शोधण्यासाठी एलसी-ट्राय ही रचना मांडली: बिटांच्या झाडातल्या एकेरी फांद्या वगळायच्या आणि दाट भाग एका उडीत ओलांडायचे. उप्सालाच्या रॉबर्ट ओल्सन यांनी सहकाऱ्यासोबत ती लिनक्समध्ये आणली. 2005 च्या 2.6.13 मध्ये ती आली. आता मूळ तक्ताच इतका चपळ झाला होता की वहीचा हट्ट कशाला?

नेटवर्किंगचे प्रमुख डेव्हिड मिलर यांनी जुलै 2012 मध्ये वही काढून टाकली. त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो: वहीचा वेग आपल्या तक्त्यावर ठरत नाही, येणाऱ्या रहदारीवर ठरतो, आणि रहदारी परक्याच्या हातात असते. गर्दीच्या साइटवर तर अगदी सरळमार्गी रहदारीतही जेमतेम 10 टक्के उत्तरं वहीत सापडत, असंही त्यांनी नोंदवलं. सप्टेंबरअखेर 3.6 आवृत्ती वहीविना बाहेर पडली.

फुकट काहीच नव्हतं. ठरावीक ओळखीच्याच रहदारीत वही खरोखर वेगवान होती. तो फायदा गेला. शिवाय एका ठिकाणी जायला दोन वाटा असतील, तर कोणत्या जोडीला कोणती वाट दिली हे वहीच लक्षात ठेवायची. ती गेल्यावर एकाच जोडणीची पॅकेटं वेगवेगळ्या वाटांनी सुटून पुढेमागे पोचू लागली.

2015 मध्ये अलेक्झांडर डाइक यांनी ट्रायची डागडुजी करून शोध आणखी वेगवान केला. वाटांचा घोळ मात्र 2016 च्या जानेवारीत आलेल्या 4.4 आवृत्तीत मिटला: आता पत्त्यांच्या जोडीवरूनच वाट काढली जाते, काही लक्षात न ठेवता.