जहन्नममधला ‘म’

‘जहन्नममध्ये जा!’ म्हणणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याला परलोकात धाडतोय. प्रत्यक्षात तो त्याला जेरुसलेमच्या दक्षिणेला धाडत असतो. बायबलमधला एक नकाशा चाळताना मला तिथे ‘गे हिन्नोम’, म्हणजे हिन्नोमचं खोरं, असं नाव दिसलं आणि बोट तिथेच अडकलं.

यहोशवाच्या पुस्तकात ही नुसती हद्दीची खूण आहे. पुढे आहाज आणि मनश्शे या राजांनी इथे पोटची मुलं आगीत होमली, योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली, यिर्मया संदेष्ट्याने तिला कत्तलीचं खोरं म्हटलं. येशूच्या काळापर्यंत ते दुर्जनांच्या अंताचं नाव झालं होतं. नव्या करारात त्याचं ग्रीक रूप ‘गेएन्ना’ 12 वेळा येतं, त्यांपैकी 11 वेळा येशूच्याच तोंडी. मराठी बायबलने तिथे ‘नरक’ लिहिलं आणि खोरं बुजलं.

पण या नरकातली न विझणारी आग आली कुठून? सर्रास सांगतात की तिथे गावचा कचरा अखंड जळत असे. हे लिहून ठेवलं रब्बी दाविद किम्ही यांनी, 1200 च्या सुमारास. येशूनंतर हजारावर वर्षांनी! शिवाय त्या काळचा मोठा उकिरडा उत्खननात सापडला तो पूर्वेच्या किद्रोन खोऱ्याच्या उतारावर. होमलेल्या मुलांची आठवण असताना कचरा हवाच कशाला? त्यात यशयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीत बंडखोरांच्या प्रेतांवर न मरणारा किडा आणि न विझणारी आग आहेच.

आता माझा लाडका ‘म’. ग्रीक ‘गेएन्ना’ आणि सिरियाक ‘गेहन्ना’ या दोघांनी तो गाळला. अरबी ‘जहन्नम’ने राखला. थेट हिब्रूतून घेतला, असं काहीजण म्हणतात. मग ‘हिन्नो’चं ‘हन्न’ कसं झालं? इथिओपियाच्या गीझ भाषेत मात्र शब्द आहे ‘गहन्नम’: स्वरही जुळतात, ‘म’ही. मला वाटतं, अरबीने तो तिथूनच घेतला; मधे फक्त तांबडा समुद्र. गीझने तो ज्यू मंडळींकडून उचलला असेल, तरी माझी वाट मोडत नाही. ‘ग’चा ‘ज’ अरबीने केला. कैरोत आजही ‘ग’च ऐकू येतो. पुढे फारसीचं बोट धरून हा शब्द दख्खनेत उतरला आणि आपल्या शिव्यांत रुजला.

त्या खोऱ्यात आज हिरवळ आहे, काठावर सिनेमागृह. जहन्नममध्ये धाडलेला माणूस एक खेळ बघून संध्याकाळी परत येऊ शकतो.