साताऱ्याचे डफसाहेब आणि सांगलीचे प्रोफेसर रानडे

दोन संस्कृतींचा तौलनिक अभ्यास हा आता विद्यापीठांतून शिकविला जाणारा एक स्वतंत्र विषय झाला आहे. या विद्येला असे नाव मिळण्याच्या पुष्कळ आधी कृष्णाकाठच्या दोन गावी तिचे दोन निरनिराळे प्रयोग झाले, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिला प्रयोग साताऱ्याचा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि जेम्स ग्रँट, म्हणजेच पुढे ग्रँट डफ या नावाने प्रसिद्धीस आलेला, तिशीही न गाठलेला कप्तान, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून आला. राज्यकारभार चालवीत असतानाच त्याने बखरी, सनदा, वंशावळी व पत्रे जमविली. महाराजांचेही त्यास साहाय्य झाले. १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडन येथे तीन खंडांत निघाला. एका प्रकाशकाने पुस्तकाचे नाव बदलण्याचा आग्रह धरला, मराठे म्हणजे कोण हे विलायतेत कोणास ठाऊक नव्हते; पण डफ बधला नाही. हा त्याचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. आपला इतिहास अशा विस्ताराने प्रथम एका परक्याने लिहिला, हे कबूल करताना संकोच कशाला?

तथापि १८२२ पर्यंत सर्व सत्ता ज्याच्या हाती, त्याने मागितलेला कागद नाकारणार कोण? आणि त्या कागदाचा अर्थ त्याने चुकीचा लावला, तर तसे तोंडावर सांगणार कोण? सह्याद्रीवरच्या वाळल्या गवतास वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय झाला, असे डफ लिहून गेला. या उपमेत गवत आहे, ठिणगी आहे. माणसांचा विचार मात्र कोठेच नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली आपल्या ग्रंथात तिचा प्रतिवाद केला.

पण पहिला आवाज उठला तो त्याही आधी, आणि तो एका विद्यार्थ्याचा होता. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन अवघी दहा वर्षे झाली होती. १८६७ साली डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यास डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला; तो पुढे ‘विविधज्ञानविस्तारा’त छापला गेला. इंग्रजी विद्येनेच दिलेली हत्यारे त्याने इंग्रजी ग्रंथकारावर चालविली! त्यानंतर राजवाडे यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. साताऱ्याचे पारसनीस आणि इंग्रज अधिकारी किंकेड यांनी तर १९१८ ते १९२५ या काळात मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत जोडीने तीन खंडांत लिहिला. कागद दाखविणारा आणि ग्रंथ लिहिणारा यांची नावे अखेर एकाच मुखपृष्ठावर आली.

आता कृष्णेच्या ओघाबरोबर खाली सांगलीस यावे. तेथे डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली विलिंग्डन कॉलेज काढले. सांगली हा मराठी व कानडी मुलखांच्या सीमेवरचा भाग. जमखंडीस १८८६ साली जन्मलेले प्रो. रामचंद्र दत्तात्रेय रानडे या कॉलेजात काही वर्षे तत्त्वज्ञान शिकवीत होते. मराठी व कानडी संतांची वाणी त्यांच्या नित्य परिचयाची; त्यात ग्रीक तत्त्वज्ञांचा अभ्यासही त्यांनी कसून केला होता. उपनिषदांवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे डफच्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा योगायोग खरा, पण लक्षात राहणारा.

कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. प्लेटोच्या एका संवादातही जीवाला रथाचीच उपमा आहे; तेथे घोडे दोनच, एक गुणी व दुसरा द्वाड. रानडे असे दोन रथ शेजारी शेजारी उभे करतात. कोणी कोणाकडून उचलले, या वादात ते गुंतून पडत नाहीत. साम्य का, हे विचारतात. मला स्वतःला भेद अधिक बोलका वाटतो. कठोपनिषदातील घोडे जातीने वाईट नाहीत, लगाम ढिला पडला म्हणजेच ते उधळतात. प्लेटोचा एक घोडा मुळातच खोडकर आहे. एवढ्या एका भेदावर मनुष्यस्वभावासंबंधीची दोन मते उभी राहतात. आणि येथे कोणी परीक्षक नाही व कोणी परीक्षार्थी नाही.

रानडे पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले. महाराष्ट्रीय संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली निघाला. १९५७ साली निंबाळ येथे त्यांचा देह पडला. कानडी संतवाङ्मयावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मागून प्रसिद्ध झाले.