प्रेक्षक कोण? मुलींचा बास्केटबॉल आणि गंगापूर रोडवरच्या रिकाम्या पायऱ्या

मैदानावर आपली माणसे किती, हा प्रश्न चळवळीत आपण नेहमी विचारतो. संघात किती, निवड समितीत किती, प्रशिक्षक किती. प्रश्न रास्तच आहे. पण त्याला लागूनच असलेला दुसरा प्रश्न आपण सोडून देतो. मैदानाच्या कडेला बसून बघणारे कोण असतात? बघण्याचा हक्क कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला, आणि आज ज्यांना तो आहे ते नेमका कोणाचा खेळ बघायला जातात?

हा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर भारतीय संविधानाचे कलम १५ (२) एकदा शांतपणे वाचा. आपण ते बहुतेक वेळा विहिरी आणि तलावांसाठी वाचतो, कारण महाडची आठवण आपल्या रक्तात आहे. पण त्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेलांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत, आणि शासनाच्या पैशावर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या, लोकांच्या राबत्याच्या जागाही आहेत. ज्या कारणांवरून अडवता येणार नाही त्यांत जातीबरोबर लिंगही आहे. म्हणजे तमाशाचा तंबू, नाटकाचे थिएटर, क्रिकेटचे मैदान इथे बसून बघण्याचा हक्क हा पाण्याच्या हक्काच्या पंगतीला बसवलेला आहे. ज्या समाजाने माणसाची सावलीही मोजली, त्या समाजात कोण कोणाच्या शेजारी बसून टाळ्या वाजवतो हे साधे प्रकरण नव्हते.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. चांभार समाजातला हा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊन आला. पण त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना त्याला चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून. त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाताने झेलत होते, त्याला विटाळ नव्हता. विटाळ सुरू व्हायचा तो बसण्याच्या जागेशी. मैदान एक झाले, पॅव्हेलियन झाले नाही.

आता मुलींच्या बास्केटबॉलकडे येऊ. हा खेळ जन्मला १८९१ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांच्या हातून. जेमतेम काही महिन्यांत, १८९२ साली, जवळच्याच स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. बेरेन्सन लिथुआनियातून आलेल्या ज्यू स्थलांतरित कुटुंबातल्या होत्या. २२ मार्च १८९३ रोजी तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींमध्ये सामना झाला. मुलींनी आपापल्या वर्गाचे रंग मिरवत जिमखाना दणाणून सोडला, आणि पुरुषांना दार बंद होते. तीन वर्षांनी, ४ एप्रिल १८९६ ला, सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला (होय, पूर्ण सामन्यात मिळून तीन गुण). बघायला शेकडो बायका आणि पुरुष एकही नाही.

या बंदीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. एक अर्थ जुनाट मर्यादेचा: घाम गाळणारी, धावणारी, पडणारी मुलगी परपुरुषाने बघू नये. दुसरा अर्थ असा, की बघणारा पुरुष खेळ बघत नाही, अंग बघतो, हे त्या मुलींना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्वतःची गर्दी स्वतःच उभी केली. बायकांनी बायकांचा खेळ बघायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. आपल्याकडच्या तरुणांनी हा दुसरा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण पुढे त्याच्याशी काम आहे.

बेरेन्सनबाईंनी मुलींसाठी नियमही बदलले. कोर्टाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचे, रेषा ओलांडायची नाही, दुसरीच्या हातून चेंडू हिसकावायचा नाही. कारण दिले ते मुलींच्या प्रकृतीचे. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवून देणाऱ्या गावात आपले आजोबा-पणजोबा जगले, त्यामुळे आखलेल्या रेषेमागे 'तुमच्याच भल्यासाठी' हे वाक्य कसे उभे असते ते आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. अमेरिकी महाविद्यालयांत ही विभागणी कोणत्या ना कोणत्या रूपात साधारण १९७० पर्यंत टिकली. आयोवा राज्याच्या शाळांत तर मुली सहा-सहा जणींचा अर्ध्या कोर्टाचा खेळ १९९३ पर्यंत खेळत होत्या. गंमत अशी की त्याच आयोवात त्या अर्ध्या कोर्टाच्या स्पर्धांना तुडुंब गर्दी व्हायची. खेळ बांधलेला होता, पण गावेच्या गावे आपल्या मुलींचा खेळ बघायला यायची.

मग १९७२ साल आले. आपल्याकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. कायद्यात खेळाचा शब्द नव्हता, पण त्याचा सर्वांत मोठा धक्का बसला तो खेळाच्या अंदाजपत्रकाला. त्याच वर्षी महिला महाविद्यालयांची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा जिंकली ती फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा या लहानशा कॅथलिक कॉलेजने. त्यांचा जिमखाना आगीत जळून गेला होता. स्पर्धेला जायला पैसे नव्हते म्हणून मुलींनी टूथब्रश विकले. आणि त्यांच्या प्रेक्षक कोण, तर कॉलेजच्या नन्स. पायघोळ झग्यातल्या या बायका लोखंडी बादल्या आणि लाकडी दांडके घेऊन सामन्याला यायच्या आणि बादल्या बडवून प्रतिस्पर्ध्यांच्या कानठळ्या बसवायच्या. तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, हाच संघ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळला तेव्हा सुमारे १२,००० लोक बघायला होते. बादल्यांपासून बारा हजारांपर्यंत तीन वर्षे लागली.

पण ही गोष्ट अजून गोऱ्या मुलींची आहे. लुसिया हॅरिसची गोष्ट आपल्या जास्त जवळची. मिसिसिपी राज्यात दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्या काळ्या कुटुंबातली ही मुलगी, अकरा भावंडांतली दहावी, लहानपणी कापूस वेचणारी. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी बहिणींना तिचे बालपण सांगावेच लागणार नाही. ज्या डेल्टा स्टेट कॉलेजात ती गेली, तिथे १९६७ पर्यंत काळ्यांना प्रवेश नव्हता. संघात ती एकटीच काळी होती. १९७५, ७६ आणि ७७ अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदे तिने त्या कॉलेजला मिळवून दिली, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा इतिहासातला पहिला बास्केट तिचा होता. ज्या गावातल्या गोऱ्यांनी काही वर्षांपूर्वी तिला वर्गात बसू दिले नसते, ते तिकीट काढून तिचा खेळ बघायला रांगेत उभे राहिले. त्यांचे मन बदलले का? मला शंका आहे. टाळी वाजवणारा हात घरी जाऊन काय करतो हे आपण चांगले ओळखतो. तरीही ती टाळी निरर्थक नव्हती. तिने कॉलेजच्या तिजोरीचा हिशेब बदलला.

पुढे १९८२ मध्ये महिलांच्या पहिल्या एनसीएए अंतिम सामन्यात चेनी हे काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले कॉलेज पोचले, व्हिव्हियन स्ट्रिंगर या काळ्या प्रशिक्षिकेच्या हाताखाली. लुइझियाना टेककडून ते हरले. याच स्ट्रिंगरबाई २००७ मध्ये रटगर्सच्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेल्या. तो सामना रटगर्सने टेनेसीकडून गमावला. दुसऱ्या दिवशी डॉन आयमस या प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने त्या काळ्या मुलींबद्दल वंश आणि लिंग दोन्हींवरून घाणेरडे शब्द काढले. लोक भडकले, जाहिरातदारांनी पाय काढला आणि आठवड्याभरात सीबीएसला त्याचा कार्यक्रम बंद करावा लागला.

आता हे आपल्या देशातल्या एका प्रसंगाशेजारी ठेवून बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ४ ऑगस्ट २०२१ ला भारत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर सवर्ण तरुणांनी फटाके फोडले. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे तिच्या घरच्यांना ऐकवले. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे. फटाके फोडणारेही प्रेक्षकच होते. त्यांनी सामना बघितला होता. आपली मुलगी खेळत असताना आपण पायऱ्यांवर नसलो, तर पायऱ्या रिकाम्या राहतात असे नाही. दुसरे कोणीतरी तिथे बसून तिचा हिशेब मांडत असते.

आता आपल्या नाशिककडे. अशोक स्तंभापासून निघून गोदावरीच्या कडेने गंगापूर धरणाच्या दिशेने जाणारा गंगापूर रोड हा शिक्षणाचा रस्ता आहे. केटीएचएम कॉलेज याच रस्त्यावर आहे, डोंगरे वसतिगृहाचे मैदान याच रस्त्यावर आहे. ज्या मराठा विद्या प्रसारक समाजाची ही संस्था, तो १९१४ साली सत्यशोधक विचाराने भारलेल्या माणसांनी उभा केला, बहुजनांच्या पोरांना शहरात राहून शिकता यावे म्हणून. नदीच्या पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चार दरवाजांवर जी पहिली तुकडी बसली तिच्यात १२५ पुरुषांबरोबर २५ स्त्रिया होत्या. भर रस्त्यात, सनातन्यांच्या नजरा आणि शिव्या झेलत बसलेल्या या पंचवीस जणींनी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या त्या लढ्यात एक गोष्ट केली जी क्वचित सांगितली जाते. लोकांनी बघितले तरी आम्ही उठणार नाही, हे त्यांनी करून दाखवले. या शहरात मुलीने उघड्यावर, सर्वांसमोर आपले शरीर आपल्या कामाला लावण्याचा इतिहास तिथून मोजावा लागेल. पुढे सावरपाड्याची कविता राऊत याच जिल्ह्यातून धावत निघाली आणि २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली.

धावायला रस्ता पुरतो, बास्केटबॉलला कोर्ट लागते. 'हा उच्चभ्रूंचा खेळ, आपला कबड्डी-खो-खो बरा' असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटतात. त्यांनी मुंबईचे नागपाडा बघावे. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नेबरहुड हाउस काढले, आणि त्या कष्टकरी, मुख्यतः मुस्लिम वस्तीने देशाला नावाजलेले बास्केटबॉलपटू दिले. दोन खांब आणि २८ बाय १५ मीटरची फरशी वस्तीत आली की खेळ वस्तीचा होतो. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या गावातून आलेल्या मुलीला ती फरशी बहुधा पहिल्यांदा कॉलेजातच दिसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाशिक विभागातून निवड, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, अशी तिची वाट. त्या वाटेच्या टोकाला रेल्वेसारखी नोकरी असू शकते, आणि राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कट-ऑफचे पान आपण रात्री-अपरात्री उघडून बघतो, पण आपल्याच वर्गातल्या मुलीचा सामना कधी आहे ते आपल्याला माहीत नसते.

मी हे सामने बघायला जातो. दुपारचे ऊन, सिमेंटचे कोर्ट, राखीव खेळाडू मुली, दोन-तीन मैत्रिणी, एक शिक्षक, आणि कुंपणापलीकडे मोबाईल धरून उभी असलेली चार पोरे. मुलांचा सामना लागला की याच पायऱ्यांवर जागा मिळत नाही. त्या चार पोरांमुळेच १८९६ मध्ये दारे बंद करावी लागली होती. त्यांच्यात निळा गमछा घातलेला एखादा असतो, हेही इथे लिहून ठेवतो. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजतो असे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले, ते पोस्टरवर छापून भागणार नाही. खेळ बघायला शिकावे लागते. पिक म्हणजे काय, झोन बचाव कसा फोडतात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॉइंट गार्डला विश्रांती का दिली, हे कळू लागले की नजर आपोआप चेंडूवर जाते.

गर्दी कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि १ जानेवारीला भीमा कोरेगाव आपण भरून टाकतो, तेही स्वतःच्या खर्चाने, शिस्तीत, आयाबहिणींना मध्ये घेऊन. तीच शिस्त घेऊन पंधरा जणांनी गंगापूर रोडवरच्या एका कोर्टाकडे जायला एक दुपार लागते. वसतिगृहातल्या मुलींना बरोबर न्या, पुढे त्यांना बसू द्या, खेळाडूंचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. आणि जाताना क्रीडा विभागात तीन गोष्टी लेखी विचारा: प्रवेशाच्या वेळी आपल्याकडून जी क्रीडा किंवा जिमखाना फी घेतली जाते तिच्यातून मुलींच्या संघांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, बाहेरगावच्या सामन्यांना त्यांना प्रवासभत्ता मिळाला का, आणि सामन्यांचे वेळापत्रक सूचनाफलकावर किती दिवस आधी लागते. अनुदानित कॉलेज असेल तर हेच माहिती अधिकारात विचारता येते, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून.