घट्ट धरायचे की सुटू द्यायचे? स्कीच्या टो-पीसचा दीडशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१९३७ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात, माउंट हूडच्या उतारावर, यालमार ह्वाम नावाचा एक निष्णात स्कीपटू पडला आणि त्याचा पाय मोडला. ह्वाम मूळचा नॉर्वेचा, बर्फातच लहानाचा मोठा झालेला. त्याच्या कौशल्यात उणीव नव्हती. उणीव होती ती बुटाचे पुढचे टोक फळीला जखडून ठेवणाऱ्या लोखंडात. पडताना शरीर एका दिशेला वळले, लांबलचक फळी दुसऱ्या दिशेला गेली आणि त्या ओढाताणीत हाड सापडले.

स्कीवर बूट चवड्यापाशी जिथे धरला जातो, त्या भागाला आज टो-पीस म्हणतात. जिथे वर नेणारी लिफ्ट नाही, आखलेली घसरवाट नाही, अशा डोंगरात स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मग घसरत उतरायचे, या प्रकाराला स्की-टूरिंग असे नाव आहे. त्यात चढताना टाच मोकळी हवी, म्हणजे प्रत्येक पाऊल केवळ चवड्याच्या आधाराने उचलले जाते. टाच धरणारी यंत्रणा पुष्कळदा बदलली, पण टूरिंगचा खरा इतिहास घडला तो चवड्यापाशी.

घोडदळाचा इतिहास वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. पाय रिकिबीत टिकला नाही तर स्वाराला बैठक सांभाळता येत नाही, आणि स्वार पडला असता पाय रिकिबीतच अडकला तर घोडा त्याला फरफटत नेतो. रिकीब घडवणाऱ्याला दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागे. स्कीच्या कारागिरांना मात्र दुसऱ्या गोष्टीचा विचार सुचायला बराच काळ लागला.

आरंभी फळीवर चामड्याचा किंवा वेलीच्या पिळाचा एकच पट्टा असे. त्यात बुटाचे टोक सरकवायचे आणि चालू लागायचे. सपाट बर्फावर एवढे पुरे; पण उडी मारली वा वळण घेतले की पाय निसटे. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेदाल या खेड्यात सोन्द्रे नूरहाइम (१८२५–१८९७) याने लवचीक डहाळ्यांचा पीळ टाचेमागून फिरवून पुन्हा चवड्याशी आणला. १८६८ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो शहरातल्या स्पर्धेत हा खेडूत उतरला तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. त्याची वळणे पाहून राजधानीचे लोक थक्क झाले. टेलेमार्क हे वळणाचे नाव त्याच मुलखाचे. पीळ ओला झाला की सैल पडे, जोराचा हिसका बसला की तुटे. हा दोष खरा. परंतु त्या तुटण्याने किती पाय वाचले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१८९४ मध्ये नॉर्वेच्याच फ्रिट्स हुइटफेल्टने तो दोष काढून टाकला. त्याने फळीला आरपार खाच पाडली, तीतून लोखंडी पट्टी ओवली आणि तिची दोन्ही टोके वर वळवून बुटाच्या दोन बाजूंना कानांसारखी उभी केली. चवडा त्या दोन कानांत घट्ट बसू लागला. फळी आता पायाच्या आज्ञेत आली. आजच्या प्रत्येक टो-पीसचे कूळ या दोन लोखंडी कानांपर्यंत पोहोचते, असे म्हणायला हरकत नाही. फक्त हे कान तुटत नव्हते. तुटण्याची पाळी आता हाडांवर आली.

नॉर्वेचे डोंगर गोलसर, आल्प्सचे उभे. फ्रित्योफ नान्सेन याने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक मध्य युरोपात पोहोचले आणि ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे राहणाऱ्या माथियास झ्दार्स्की (१८५६–१९४०) या विक्षिप्त, हट्टी माणसाने ते वाचून नॉर्वेहून स्की मागवली. त्याच्या घराभोवतीच्या उभ्या उतारांवर ती कुचकामी ठरली. तो एकट्याने प्रयोग करीत राहिला. शेवटी त्याने बुटाखाली एक पोलादी तळवाच बसवला. हा तळवा चवड्यापाशी बिजागरीसारखा उचलला जाई, स्प्रिंगने परत खाली येई, पण आडवा हलत नसे. १९०५ मध्ये मुकेनकोगेल डोंगरावर त्याने खुंट्यांमधून वळत उतरण्याची जी शर्यत भरवली, ती स्लालमच्या इतिहासातील पहिली शर्यत मानली जाते.

या झ्दार्स्कीच्या आयुष्यात एक भयंकर प्रसंग आहे. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियन सैन्याला डोंगरी लढाईचे व हिमस्खलनाचे ज्ञान देत होता. १९१६ च्या फेब्रुवारीत तो स्वतःच हिमस्खलनात सापडला. त्याच्या शरीरात सुमारे ८० ठिकाणी हाडे मोडली वा सांधे निखळले. तो वाचला, एवढेच नव्हे तर पुढे पुन्हा स्कीवर उभा राहिला. सरकत्या हिमात पायाला जखडलेली लांब फळी नांगरासारखी रुतते आणि माणसाला खाली ओढते, ही गोष्ट आज प्रत्येक टूरिंग प्रशिक्षणात शिकवली जाते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दोन नावे गाजली. १९२७ मध्ये नॉर्वेच्या ब्रोर विटने ‘रोट्टेफेला’ आणले. या शब्दाचा अर्थ उंदराचा सापळा. बुटाच्या तळव्यातील तीन भोकांत खालून तीन पिना घुसत आणि वरून कमान दाबली जाई. हलके, सुटसुटीत, पण उभ्या उतारावर अपुरे. दुसरे नाव ‘कंदहार’. वाद्यपेट्या घडवणाऱ्या स्विस घराण्यातला गीदो र्यूज याने १९३० च्या आसपास हे तारेचे बाइंडिंग सिद्ध केले. चवडा लोखंडी कानांत, टाचेमागून पोलादी तार आणि पुढे ताण देणारी खटकी. तार बाजूच्या आकड्यांखाली अडकवली की टाच खाली बसे, आकड्यांतून काढली की टाच मोकळी. एकाच साधनावर चढणे आणि उतरणे दोन्ही साधले.

आल्प्समधल्या या वस्तूला अफगाणिस्तानातल्या शहराचे नाव कसे पडले, याचे उत्तर थेट मुंबईच्या फौजेपर्यंत जाते. २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. उरलेले सैन्य कंदहारमध्ये अडकले. त्यांच्या सुटकेसाठी जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स काबूलहून सुमारे ५०० किलोमीटरची मजल तीन आठवड्यांत मारून आला. पुढे तो ‘कंदहारचा लॉर्ड रॉबर्ट्स’ झाला. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका स्की-शर्यतीसाठी त्याच्या नावाचा चषक ठेवला गेला. चषकावरून शर्यतींना, १९२४ मध्ये म्युरेन येथील क्लबला आणि शेवटी बाइंडिंगला ते नाव चिकटले. त्या क्लबचा संस्थापक आर्नल्ड लन याचा जन्म मद्रासचा. मैवंदला पडलेल्या शिपायांपैकी कोणाला या भावी कीर्तीची कल्पना असणे शक्य नव्हते.

कंदहारने चवडाही जखडला आणि टाचही. उताराचा वेग वाढला, हाडे मोडण्याचे प्रमाणही वाढले. ह्वामचा पाय मोडला तो याच काळात. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरत असतानाच त्याला कल्पना सुचली आणि त्याने कागद-पेन्सिल मागवली, अशी कथा सांगितली जाते. त्याचे उत्तर सोपे होते: पाय सरळ असेपर्यंत टो-पीसने धरून ठेवावे, पाय ठरावीक मर्यादेपलीकडे आडवा पिळला गेला की सोडून द्यावे. १९३९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. सुटू शकणे हा बाइंडिंगचा दोष नसून गुण आहे, हे बाजारात उतरून सिद्ध करणारा तो पहिला. महायुद्धानंतर जर्मनीत मार्कर आणि फ्रान्समध्ये लुक यांनी हे तत्त्व पुढे नेले. लिफ्टने वर जाणाऱ्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

पायी चढणाऱ्यांचा सुटला नाही. सुटणारे टो-पीस आणि सुटणारी टाच दोन्ही हवी, शिवाय टाच उचलताही आली पाहिजे. त्यावर उपाय निघाला तो असा: संपूर्ण बाइंडिंग एका लांब पट्टीवर बसवायचे आणि ती पट्टीच चवड्यापाशी बिजागरीने उचलायची. हे सुरक्षित होते, पण प्रत्येक पावलाला सारे लोखंड पायासोबत वर उचलावे लागे. दिवसभराच्या चढाईत अशी हजारो पावले पडतात. या पट्टीच्या बाइंडिंगवर पिढ्यांनी आल्प्स पालथे घातले, तेव्हा त्यांना नावे ठेवणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील फ्रिट्स बार्टेल हा तरुण माँ ब्लाँच्या चढाईत या ओझ्याने बेजार झाला. त्याने विचार उलटा केला. बूट आता चामड्याचे राहिले नव्हते, कडक प्लॅस्टिकचे झाले होते. मग चवडा आणि टाच यांना जोडणारी पट्टी हवीच कशाला? ते काम बूटच करील. त्याने बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या छोट्या वाट्या बसवल्या आणि फळीवर दोन हातांचा एक स्प्रिंगदार चिमटा. बूट मधल्या खटकीवर दाबला की हात मिटतात, त्यांच्या टोकांच्या पिना वाट्यांत शिरतात आणि बूट त्या दोन बिंदूंवर झुलू लागतो. पायाबरोबर उचलायला बुटाखेरीज काही उरले नाही. १९९० च्या सुमारास डायनाफिट कंपनीने ते बाजारात आणले. एवढ्या चिमुकल्या वस्तूवर विश्वास कोण ठेवणार, अशी कुजबूज बरीच वर्षे चालली. पेटंटची मुदत संपल्यावर मात्र तीच शंकेखोर मंडळी आपापले चिमटे घेऊन हजर झाली.

या चिमट्याच्या पुढे एक लहान तरफ असते आणि निवडीचा खरा पेच तिच्यात आहे. तरफ मधल्या स्थितीत असेल तर स्प्रिंगच्या जोरावर हात मिटलेले राहतात. जोराच्या पडण्यात टाचेचा भाग फिरतो आणि पुढचा चिमटा उघडून बूट मोकळा होतो. तरफ पूर्ण वर ओढली तर हात कुलूपबंद होतात. चढताना तिरप्या, कडक बर्फावर बूट अवचित सुटू नये म्हणून हे कुलूप लागते. पण हिमस्खलन आले तर हेच कुलूप झ्दार्स्कीच्या काळातल्या लोखंडासारखे फळीला पायाशी बांधून ठेवते. हुइटफेल्ट आणि ह्वाम यांचा वाद एका तरफेच्या दोन स्थितींत येऊन थांबला आहे.

म्हणून आज टो-पीस निवडताना केवळ वजनाचा आकडा पाहणे ही उथळ निवड ठरते. शर्यतीसाठी घडवलेला चिमटा सर्वांत हलका, पण त्यात सोयी कमी. ज्याला लांब, अवघड उतार उतरायचे आहेत त्याने अधिक रुंद बैठकीचा, फळीला भक्कम स्क्रूंनी धरणारा टो घ्यावा. फ्रिट्शी कंपनीच्या विपेक बाइंडिंगमध्ये आडवी सुटका टाचेऐवजी चवड्यापाशीच होते आणि तिचा जोर तिथेच ठरवता येतो. पिळाच्या पडण्याला घाबरणाऱ्यांसाठी ही ह्वामच्या विचाराची सर्वांत जवळची वारस म्हणता येईल. कडक बर्फावर फळीखाली लावायच्या दातेरी पट्टीसाठी टो-पीसवर खाच आहे का, हेही पाहावे लागते. आणि बुटातल्या वाट्या झिजलेल्या असतील तर उत्तमातला उत्तम चिमटाही व्यर्थ.

स्प्लिटबोर्डची कथा अमेरिकेतील युटाची. स्नोबोर्डवर उतरणाऱ्यांना चढताना हिमातून पायी जावे लागे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रेट कोबर्निक याने फळा उभा चिरून त्याच्या दोन स्की केल्या आणि सॉल्ट लेक सिटीच्या वॉइले कंपनीच्या मार्क वारियाकोइस याच्याबरोबर ती कल्पना विक्रीयोग्य केली. चढताना बाइंडिंग चवड्यापाशी एका आडव्या पिनेवर झुलत असे. वर पोहोचल्यावर पीन काढायची, दोन भाग जोडायचे, बाइंडिंग आडवे सरकवायचे. गंमत अशी की मऊ बुटांच्या या रचनेत प्रत्येक पावलाला पूर्ण बाइंडिंग उचलले जाते. पट्टीच्या स्की-बाइंडिंगची जुनी तक्रार इथे पुन्हा जन्माला आली.

आणि तिचे उत्तरही तेच सापडले. काही स्प्लिटबोर्डस्वारांनी कडक टूरिंग बूट घातले आणि बार्टेलचा चिमटा फळीच्या दोन्ही भागांवर बसवला. त्यांची निवड स्कीवाल्यांपेक्षा वेगळी आहे. उतरताना बूट चिमट्यात नसतोच, तो फळ्यावरच्या वेगळ्या पकडीत असतो. चिमटा केवळ चढण्यासाठी; त्यामुळे सुटकेचा जोर किती, हा प्रश्न मागे पडतो. तिथे हलका टो, पक्के कुलूप आणि फळीवरच्या भोकांशी जुळणारी बैठक या तीन गोष्टी पुरतात. बुटाला आधारासाठी टाचेखाली एक तारेची उंची, बस्स.

दोघांनाही सारखाच छळणारा शत्रू म्हणजे बर्फाचा खडा. चिमट्याच्या हातांखाली हिम दाबून गोठले की हात पूर्ण मिटत नाहीत. तरफ वर आल्यासारखी वाटते आणि शंभर पावलांनंतर तिरप्या उतारावर बूट हातात येतो. म्हणून अनुभवी माणूस काठीच्या टोकाने हातांखालचे हिम खरवडतो, बुटाच्या वाट्या पुसतो, बूट अडकवून टाच दोन-चार वेळा वर-खाली झुलवतो आणि मगच तरफ ओढतो. खिंडीवर पोहोचून उताराकडे तोंड केले की स्कीवाला खाली वाकतो आणि तीच तरफ एक घर खाली दाबतो.