शिसं गाळात बसतं

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आम्ही पाणी गाळून, उकळून पितो. मग नदीच्या घाणीची भीती कशाला?" म्हणून आज शिशाची गोष्ट सांगते.

१९२० नंतरच्या काळात जगभर पेट्रोलमध्ये शिसं मिसळू लागले. ते धुरातून रस्त्याकडेच्या मातीत बसलं. आपल्या देशात २००० साली असं पेट्रोल बंद झालं. जुनी बॅटरी दुकानदाराकडे परत देण्याचा नियम २००१ मध्ये झाला. घराच्या रंगांतल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण आधी मातीत गेलेलं शिसं कुजत नाही, संपत नाही.

ते बहुतेक मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतं. पावसात ओढ्याने नदीत येतं. बंधाऱ्यात, डोहात पाणी संथ झालं की गाळाबरोबर खाली बसतं. पूर आला की गाळ ढवळून पुढच्या गावाला जातो. आपली मांजरा लातूरहून नांदेड जिल्ह्यात येते आणि पुढे गोदावरीला मिळते. म्हणजे वरच्या गावाने टाकलेलं खालच्या गावाच्या वाट्याला येतं.

उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. लेकरांच्या मेंदूला ते सगळ्यात घातक. म्हणून ते नदीत जाऊच द्यायचं नाही. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी घरी फोडू नका, तिचं पाणी ओढ्यात ओतू नका. दुकानात परत द्या, आणि पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.